टर्मिनलमधली आवाजाची पट्टी: लिनक्सवर लेव्हल बघायला शिकताना

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायचं बरीच वर्षं मनात होतं. शेवटी एकदा योग आला. पाऊण तास ती गात होती, शेजारच्या दोघी दळायला मदतीला बसल्या होत्या, जातं फिरत होतं. घरी येऊन फाइल लावली तर दुसऱ्या ओवीपासून आवाज फाटलेला. चाचणी मी घेतली होती, पण आत्याला फक्त 'हॅलो, एक दोन तीन' म्हणायला लावून. ती बोलते हळू आणि गाते मोकळ्या गळ्यानं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी चाचणीच्या वेळी ते आठवलं नाही.

दुसऱ्या खेपेला जाण्याआधी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आवाजाची लेव्हल कशी बघायची ते नीट शिकून घेतलं. टर्मिनलच का, तर लॅपटॉपचा पंखा माइकमध्ये येतो म्हणून मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा संगणक वापरतो. त्याला पंखा नाही आणि मॉनिटरही जोडलेला नाही. माइकशेजारी तो ठेवायचा आणि ओसरीवर बसून दुसऱ्या मशीनवरून एसएसएचनं त्यात शिरायचं. समोर दिसतं ते फक्त टर्मिनल. रास्पबेरी पायला माइकसाठी आत जाणारी अ‍ॅनालॉग खाच नसते, त्यामुळे यूएसबी माइक किंवा छोटं यूएसबी साउंड कार्ड लागतं. तुमच्याकडे जुना लॅपटॉप असेल तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

आज्ञांविषयी आधी एक गोष्ट. फोनवरून कुणाला सांगाव्यात तशा त्या इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी, अक्षरं सगळी लहान. जिथे कॅपिटल लागतं तिथे वेगळं सांगतो. डॅश आणि त्याला चिकटलेलं अक्षर यांच्यामध्ये जागा सोडायची नाही.

पहिली पायरी: माइक दिसतोय का?

आपलं मुख्य अवजार 'एरेकॉर्ड'. इंग्रजी ए आणि त्याला लागूनच रेकॉर्ड हा शब्द. ते 'अल्सा-युटिल्स' या पॅकेजमधून येतं आणि बहुतेक ठिकाणी आधीच बसवलेलं असतं. अल्सा म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली, आवाजाची व्यवस्था. वर कुठलाही प्रोग्राम असला तरी साउंड कार्डाशी खरं बोलणं तिच्यामार्फतच होतं.

एरेकॉर्ड -एल

ही आज्ञा दिली की आवाज आत घेऊ शकणाऱ्या कार्डांची यादी येते. त्यात दोन आकडे बघायचे, कार्डाचा आणि डिव्हाइसचा. माझ्याकडे कार्ड १, डिव्हाइस ० असं येतं, म्हणून पुढे '१,०' लिहितो आहे. तुमच्याकडे वेगळं असेल तर तेच घाला. एकाहून जास्त यूएसबी उपकरणं असतील तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर हे आकडे बदलू शकतात. म्हणून दर वेळी ही यादी आधी बघायची.

'नो साउंडकार्ड्स फाउंड' असं उत्तर आलं तर दोन शक्यता. माइक खरंच जोडला गेलेला नाही (केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावा, मग 'एलएसयूएसबी' ही आज्ञा देऊन यादीत येतो का बघा), किंवा तुम्हाला परवानगी नाही. दुसरी शक्यता एसएसएचवाल्यांना हमखास भेटते. मशीनसमोर बसून लॉगिन केलं की साउंड कार्डाची परवानगी आपोआप मिळते, लांबून आलेल्याला ती मिळतेच असं नाही. उपाय सोपा आहे. आपलं नाव 'ऑडिओ' या गटात घालायचं:

सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ तुमचं-यूजरनेम

सुडो म्हणजे मशीनच्या मालकाच्या, रूटच्या, अधिकारात आज्ञा देणं. इथे 'एजी'मधला ए लहान आणि जी कॅपिटल. ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या गटांतून तुमचं नाव निघतं, सुडोच्या गटातूनसुद्धा, आणि मग खरी पंचाईत होते. नंतर लॉगआउट करून परत या.

दुसरी पायरी: पट्टी

एरेकॉर्ड -डी प्लगएचडब्ल्यू:१,० -एफ एस१६_एलई -आर ४८००० -सी १ -व्ही मोनो /डेव्ह/नल

लांबलचक दिसते, पण एकेक तुकडा घेतला तर अवघड नाही. 'डी' कॅपिटल, त्यापुढे कुठलं कार्ड ते. 'एफ'पुढे नमुन्याचा (आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजणीचा) प्रकार, म्हणजे १६ बिट. त्यातली अक्षरं एस, एल, ई कॅपिटल. 'आर' म्हणजे सेकंदाला किती नमुने. 'सी' म्हणजे चॅनेल किती. एकच माइक आहे, म्हणून १. 'व्ही' कॅपिटल, ही आपली पट्टी. शेवटचं /डेव्ह/नल (डी-ई-व्ही, एन-यू-एल-एल) म्हणजे लिनक्समधली अथांग विहीर. तिच्यात टाकलेलं सगळं नाहीसं होतं. आपल्याला अजून काही साठवायचं नाही, नुसतं बघायचं आहे. ही आज्ञा सुडो लावून कधीही देऊ नका. /डेव्ह/नल ही सिस्टिमची फाइल आहे, तिला रूटच्या अधिकारात हात लावण्याचं काही कारण नाही.

'प्लग' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. बरीच उदाहरणं नुसतं 'एचडब्ल्यू:१,०' असं देतात. तसं केलं की आपण कार्डाशी थेट बोलतो, आणि कार्ड जे देऊ शकत नाही ते मागितलं तर ते सरळ नकार देतं. स्वस्त यूएसबी माइक मोनो असतात. त्यांच्याकडे स्टीरिओ मागितलं की 'चॅनेल्स काउंट नॉन अव्हेलेबल' असं तुटक उत्तर येतं आणि नवखा माणूस माइक बिघडला म्हणून परत करायला निघतो. 'प्लगएचडब्ल्यू' लिहिलं की अल्सा मध्ये पडून रूपांतर करून देते.

आता माइकसमोर बोला. टर्मिनलमध्ये एकाच ओळीत चौकटी चिन्हांची (#) पट्टी मागेपुढे हलताना दिसेल. पट्टी ५० घरांची असते, म्हणजे एक घर २ टक्क्यांचं. पट्टीच्या पुढे एक अधिकचं चिन्ह (+) असतं. त्या सेकंदात आवाज सर्वांत वर कुठपर्यंत गेला ते ते धरून ठेवतं, आणि सेकंद बदलला की सोडून देतं. उजवीकडचा टक्का या अधिकच्या चिन्हाचा असतो. टोक गाठलं की टक्क्याऐवजी 'मॅक्स' येतं. थांबवायला कंट्रोल आणि सी.

तिसरी पायरी: टक्का वाचायचा कसा

माझ्या पहिल्या फाइलचं वाटोळं इथेच झालं. पट्टी दिसली की माणसाला ती भरावीशी वाटते. ५० टक्के दिसले की वाटतं, अजून निम्मी जागा शिल्लक आहे, वाढवा गेन (माइकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते).

हा टक्का लहरीच्या उंचीचा असतो, आणि कान उंची अशी सरळ मोजत नाही. आवाजवाले म्हणून डेसिबलमध्ये बोलतात. डिजिटलमध्ये ० डेसिबल म्हणजे छत. त्यावर काहीच नसतं, आणि खालचं सगळं उणे. उंची निम्मी झाली की ६ डेसिबल उतरतात. म्हणजे पट्टीवरचे ५० टक्के म्हणजे उणे ६. २५ टक्के म्हणजे उणे १२. १० टक्के म्हणजे उणे २०. आणि १ टक्का, जो पट्टीवर जेमतेम दिसतो, तो उणे ४०.

म्हणून ५० टक्क्यांवर तुम्ही छतापासून फक्त ६ डेसिबल खाली असता. आत्यानं माइकपासूनचं अंतर निम्मं केलं तर, मोकळ्या जागेत, तेवढ्यानंच साधारण ६ डेसिबल वाढतात. ओवीच्या भरात पुढे झुकली की संपलं. १६ बिटांमध्ये लिहिता येणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. आवाज त्याच्या वर गेला की लहरीचा माथा सपाट कापला जातो. त्यालाच आपण आवाज फाटला म्हणतो, आणि कापलेला माथा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला खरा परत आणता येत नाही.

माझा नियम असा: सर्वांत जोराच्या जागी अधिकचं चिन्ह २५ टक्क्यांच्या आसपास. कधीतरी ३५ला गेलं तर चालतं, ५०ला गेलं तर गेन उतरवायचा. पट्टी तीन चतुर्थांश रिकामी दिसते, ती तशीच राहू द्या. १६ बिटांची झेप सुमारे ९६ डेसिबलची असते, आणि घरातल्या खोलीचा स्वतःचा गोंगाट त्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. वर १२ डेसिबल मोकळे सोडल्यानं हातचं काही जात नाही. फाइल बारीक वाटली तर नंतर आवाज वाढवता येतो.

या पट्टीला एरेकॉर्ड 'व्हीयू मीटर' म्हणतं, पण ती खरी व्हीयू नव्हे. मूळ व्हीयू मीटर अमेरिकेतल्या बेल लॅब्ज आणि सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्यांनी १९३९ साली ठरवला. त्याची सुई मुद्दाम संथ केलेली, वर चढायला ३०० मिलिसेकंद घेणारी, कारण त्यांना कानाला जाणवणारी सरासरी हवी होती. आपली पट्टी क्षणाचं टोक दाखवते. जात्याचा खुंटा जरा खटकला तरी ती उडी मारते, जुन्या सुईनं त्याची दखलही घेतली नसती.

चौथी पायरी: गेन

पट्टी एका टर्मिनलमध्ये चालू ठेवा आणि दुसरं टर्मिनल उघडून द्या:

अल्सामिक्सर -सी १

निळसर-काळ्या पडद्यावर उभे खांब दिसतील. एफ४ दाबलं की आत येणाऱ्या आवाजाचे खांब येतात (एफ३ बाहेर जाणाऱ्याचे). डावे-उजवे बाण खांब बदलतात, वर-खालचे बाण पातळी. स्पेसबारनं तो माइक चालू किंवा बंद होतो. खांब वर असूनही पट्टी मेलेली असेल तर आधी हेच तपासा.

एफ५ दाबून सगळे खांब एकदा बघून घ्या. बऱ्याच स्वस्त यूएसबी कार्डांत 'ऑटो गेन कंट्रोल' नावाचं एक बटण लपलेलं असतं. ते एम दाबून बंद करा. चालू ठेवलं तर आत्या श्वास घ्यायला थांबली की कार्ड आपणहून गेन वाढवतं, मागचा पंखा आणि गल्लीतली कुत्री पुढे येतात, आणि ती परत सुरू झाली की एकदम दाबतं. पट्टीवर सगळं छान स्थिर दिसतं आणि फाइल ऐकवत नाही. लॅपटॉपच्या आतल्या माइकला 'बूस्ट' असा वेगळा खांब असतो. तो मोठ्या टप्प्यांनी चढतो आणि आवाजाबरोबर खरखरही चढवतो. मी तो शून्यावर ठेवतो आणि माइक जवळ नेतो.

गेन जमला की 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर' करून ठेवा. इथे अल्सापुढे फक्त सी-टी-एल, जोडून. यानं सध्याच्या पातळ्या साठवल्या जातात.

चाचणी कशी घ्यायची? 'हॅलो हॅलो'नं नाही, जे रेकॉर्ड करायचं आहे तेच करून. आत्याला म्हणायचं, एक ओवी म्हणून दाखव, जातं फिरवत. तिला सांगायचं नाही की ही चाचणी आहे.

पाचवी पायरी: खोली किती शांत आहे

वर म्हटलं की १ टक्का म्हणजे उणे ४०. याचाच अर्थ असा की उणे ४०च्या खाली एरेकॉर्डची पट्टी आंधळी आहे. ती ०० टक्के दाखवते आणि आपण समजतो खोली शांत आहे. फ्रीजची घरघर, ट्यूबलाइटचा गुंजारव हे सगळं त्या ०० टक्क्यांत मावतं. इथे 'सॉक्स' हे आवाजाचं दुसरं अवजार लागतं. स्पेलिंग एस-ओ-एक्स. डेबियन-उबुंटूवर त्याला अल्साशी बोलता यावं म्हणून 'लिबसॉक्स-एफएमटी-अल्सा' हे पॅकेजही हवं.

आधी दहा सेकंद कुणीही काही न बोलता रेकॉर्ड करा. वरच्याच आज्ञेत पट्टीचा तुकडा काढून तिथे '-डी १०' घाला (हा डी लहान, म्हणजे कालावधी) आणि /डेव्ह/नलऐवजी 'शांत.वेव्ह' असं फाइलचं नाव द्या. नाव इंग्रजीत, एक्स्टेन्शन डब्ल्यू-ए-व्ही. मग:

सॉक्स शांत.वेव्ह -एन स्टॅट्स

शेवटचा शब्द 'स्टॅट्स', अनेकवचनी. 'स्टॅट' अशी दुसरी आज्ञाही आहे आणि तिचे आकडे निराळे येतात. उत्तरात बऱ्याच ओळी येतात, त्यातल्या 'आरएमएस लेव्ह डीबी' या ओळीत खोलीची सरासरी पातळी मिळते. आत्याच्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा उणे ४४ मिळाली. फ्रीज बंद केल्यावर उणे ५३. ९ डेसिबलचा हा फरक पट्टीवर कधीच दिसला नसता. फ्रीज परत सुरू करायला विसरलो, दूध नासलं आणि त्यावर दोन दिवस बोलणी खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

हीच आज्ञा खऱ्या रेकॉर्डिंगवर चालवली तर 'पीके लेव्ह डीबी' या ओळीत सर्वांत वरचं टोक मिळतं. ते उणे ० दशांश काहीतरी असेल आणि 'फ्लॅट फॅक्टर' शून्याच्या वर असेल तर माथे कापले गेल्याची दाट शंका घ्या. माझ्या पहिल्या फाइलला हे दोन्ही लागू होतं. ते त्याच दिवशी, जागेवर, अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

सॉक्सची स्वतःची चालती पट्टीही आहे:

ऑडिओडेव्ह=प्लगएचडब्ल्यू:१,० रेक -एन

'ऑडिओडेव्ह' सगळं कॅपिटल, 'रेक' म्हणजे आर-ई-सी. ही पट्टी मधून दोन्हीकडे फुटते. तिची खरी सोय म्हणजे छताला ६ डेसिबलच्या आत आलात तरच उजवीकडे 'एचडी' असं लिहून किती जागा उरली तो आकडा दाखवते, आणि तीन सेकंद धरून ठेवते. एरवी तिथे काही नसतं. दुरून बघायला हे बरं: उजवीकडे आकडा उमटला की गेन उतरवायचा.

रेकॉर्डिंग चालू असताना

आता /डेव्ह/नलच्या जागी खऱ्या फाइलचं नाव. बाकी दुसऱ्या पायरीतली आज्ञा तीच. पट्टी चालू राहते आणि फाइलही लिहिली जाते. मध्येच 'ओव्हररन' असा शब्द किती मिलिसेकंद ते सांगत आला, तर तेवढा तुकडा गळला असं समजा. मशीनला लिहायला वेळ पुरला नाही. संथ मेमरी कार्डावर हे होतं. बाकीचे प्रोग्राम बंद करा, किंवा दुसऱ्या कार्डावर लिहा. एसएसएच मध्येच तुटलं तर रेकॉर्डिंगही थांबतं, म्हणून लांबच्या कामाला आधी 'टीमक्स' (जोडणी तुटली तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करून त्याच्या आत आज्ञा द्यायची. टी-एम-यू-एक्स. गावातलं नेटवर्क बघता मी तरी त्याशिवाय सुरुवात करत नाही.

कानाला किती मोठं वाटतं, त्याचा आकडा

टोक मोजून आवाज फाटतो की नाही ते कळतं. ऐकणाऱ्याला तो किती मोठा वाटेल ते त्यातून कळत नाही. एकाच टोकाच्या दोन फाइली, एक गाण्याची आणि एक कुजबुजीची, कानाला पार वेगळ्या लागतात. त्यासाठी युरोपातल्या प्रक्षेपण संस्थांच्या संघानं २०१० मध्ये 'आर १२८' ही शिफारस आणली. तिच्यातलं माप 'एलयूएफएस' आणि प्रक्षेपणाचं लक्ष्य उणे २३. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओच्या अवजारात हे माप आहे, आणि ते थेट माइकवरही चालतं:

एफएफएमपेग -नोस्टॅट्स -एफ अल्सा -आय प्लगएचडब्ल्यू:१,० -एएफ ईबीयूआर१२८ -एफ नल -

शेवटी सुटा डॅश आहे, तो विसरू नका. ओळीमागून ओळी धावू लागतील. 'एम' म्हणजे गेल्या ४०० मिलिसेकंदांचं माप, 'एस' गेल्या ३ सेकंदांचं, 'आय' सुरुवातीपासून आतापर्यंतचं. क्यू दाबून थांबवलं की गोषवारा येतो. 'आय' काढताना अगदी शांत जागा वगळल्या जातात, त्यामुळे दोन ओव्यांमध्ये आत्या पाणी प्यायली म्हणून आकडा घसरत नाही. रेकॉर्ड करताना मी याच्याकडे बघत नाही. फाइल तयार झाल्यावर, दुसऱ्यांना पाठवायच्या आधी, '-आय'पुढे कार्डाच्या जागी फाइलचं नाव देऊन ('-एफ अल्सा' काढून) एकदा मोजतो.

डेस्कटॉपवर असाल तर

आजच्या डेस्कटॉपवर अल्साच्या वर सहसा 'पाइपवायर' (सगळ्या प्रोग्रामांना आवाज वाटून देणारी व्यवस्था) बसलेलं असतं. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारानं २०२१ मध्ये, ३४व्या आवृत्तीपासून, आवाजासाठी तेच घेतलं आणि मग इतरांनीही. त्यानं कार्ड धरून ठेवलेलं असताना तुम्ही थेट कार्ड मागितलंत तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असं ऐकून घ्यावं लागतं. भांडू नका. 'प्लगएचडब्ल्यू:१,०'च्या जागी 'डिफॉल्ट' लिहा, पट्टी तशीच चालेल. माइकचा गेन तिथे 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' देऊन बघता येतो. पण लक्षात घ्या, ही आज्ञा खांब कुठे ठेवलाय ते सांगते, आवाज किती येतोय ते नाही. 'पीडब्ल्यू-टॉप'चंही तसंच. त्यातले हलते आकडे बघून मी एकदा अर्धा तास लेव्हल समजून बघत बसलो होतो. तो मशीनवरचा भार असतो.

मशीनमधून बाहेर जाणारा आवाज मोजायचा असेल, म्हणजे कॉलवरच्या माणसाचा किंवा व्हिडिओचा, तर 'पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस' द्या. यादीत ज्या नावाच्या शेवटी '.मॉनिटर' आहे ते नाव उचला, आणि वरच्या एफएफएमपेगच्या आज्ञेत 'अल्सा'ऐवजी 'पल्स' आणि कार्डाऐवजी ते नाव घाला.

दुसऱ्या खेपेला आत्याकडे गेलो तेव्हा हे सगळं लागलं नाही. पहिल्या चार पायऱ्या आणि दहा सेकंदांची शांतता, एवढंच. माइकच्या तळाशी आता कागदी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर पेननं लिहिलंय: 'आत्या, जात्यासकट: गेन ३८, एक वीत लांब. फ्रीज चालू कर.'